पिंपावरचं झाकण

झाकणाची मूठ अजून झुल्मिराच्या हातात होती, उन्हानं तापलेली, आणि खाली पिंपातलं पाणी तसंच निळं — आठवड्यापूर्वी नदीवरून भरून आणलं तेव्हा होतं तितकंच निळं, नव्याकोऱ्या जीन्ससारखं.

"आजी... हे झाकण कधीपासून?" लुझिनेती आज दुपारीच घरी आली होती.

"रोज," झुल्मिरा म्हणाली. "तू विद्यापीठात गेलीस की घालते. यायच्या आत काढते, तुला अडचण नको म्हणून."

नात ओरडली नाही. पायरीवर बसली. "आठवडाभर मला वाटत होतं, माझंच काही चुकलंय. अगं, पिंपातल्या काचेच्या पट्ट्यांवर ते पांढरं पीठ बसवलंय ना, ते ऊन खातं. ऊन मिळालं तरच रंगातलं विष फोडतं. चारला विद्यापीठाचे लोक तपासायला येतील. पाणी असं दिसलं की सामान उचलून दुसऱ्या गावाला नेतील." मग उठली. "मुदत मागून बघते," म्हणाली आणि गेली.

ऊन खातं! झुल्मिराला वाटलं होतं तुरटीसारखं असेल, टाकलं की आपलं आपण... केसाहून हजारपट बारीक कण, नॅनो की काय, पोरीनं सांगितलं होतं सगळं. पण हात कुठे ऐकतो? डास चावून पोटातल्या बाळांची डोकी खुरटली, त्या साथीच्या वर्षी बायका घरोघर सांगत फिरल्या, पिंपं झाका, पिंपं झाका — आणि तोवर थोरल्या नातीच्या पोटात काइकी वाढत होता. आत्ता आतल्या खोलीत गुणगुणतोय तो, लहानशा डोक्याचा, एकही शब्द न शिकलेला. तेव्हापासून उघडं पाणी दिसलं की तिचा हात झाकणाकडे जातो.

"काय गं झुल्मिरा," कुंपणापलीकडून मार्लुसी, "नातीच्या पिठानं नदी गोरी झाली का?"

"तू तोंड बुडव पिंपात. आधी ते धुऊन निघू दे."

मार्लुसी खिदळली. हिला हसू आलं नाही. नदी... आई खडकांवर पांढऱ्या चादरी वाळत घालायची, आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसायची. मग जीन्स धुण्याचे कारखाने आले आणि त्यांचा रंग नदीत उतरला. ती नखांची गोष्ट लुझिनेतीला शंभरदा सांगितली, म्हणून तर पोर हे शिकली. आणि मीच, मीच तिचं ऊन अडवलं...

तिनं झाकण भिंतीला टेकवलं. एक डास आला. कमरेला खोचलेल्या फडक्यानं त्याला हाकलत, आपली सावली पाण्यावर पडू नये म्हणून ती पिंपाभोवती सरकत राहिली, आतल्या गुणगुणण्याकडे कान देत. देवा, ढग नको आणूस...

किती वेळानं कोण जाणे, तिच्या लक्षात आलं, फडकं केव्हाच खाली पडलंय, मनगटापर्यंत हात पाण्यात आहे, आणि त्या निळ्यात आपण आपली नखं शोधतोय.