दारांची राख

मी एक जुनी लोखंडी परात आहे. मित्रांनो, कणीक मळायची नव्हे, सोनं धुवायची. डोंगरातल्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि माझ्या धन्याच्या हाती दिलं.

तेव्हा सोनं नदीच्या वाळूत होतं. धनी माझ्यात वाळू घ्यायचा आणि पाण्यात मला गोल गोल फिरवायचा. हलकी वाळू वाहून जायची, जड पिवळे कण माझ्या तळाशी राहायचे. माझं कौतुक काय सांगू! मालकीणबाई नव्या नवरी होत्या तेव्हा मलाच विचारायच्या, "काय गं सवतीबाई, आज काय दिलंस?"

मग नदी रिकामी झाली. कंपनी आली. तिने डोंगरात बोगदे पाडले, दगड दळायची गिरणी घातली. धनी बोगद्यात पहार चालवू लागला आणि मी कोंबड्यांना दाणे घालायच्या कामी लागले. गंजले. तिकडे सोनं कंपनीच्या तिजोरीत साठत गेलं आणि दगडाची धूळ धन्याच्या छातीत. वाटणी अगदी चोख होती!

शेवटी डोंगरही संपला. कंपनी यंत्रं उचलून चालती झाली. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की गिरणीच्या लाकडी जमिनीच्या फटींत सोन्याची धूळ मुरलेली असणार. लोकांनी फळ्या उखडल्या, जाळल्या, राख धुतली, आणि खरंच कण निघाले! मला घासूनपुसून पुन्हा बाहेर काढलं. मी किती फुगले होते म्हणून सांगू!

फळ्या संपल्यावर वस्तीने बाकं जाळली, मग खाटा. मग चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनी घरांची दारं बिजागऱ्यांतून काढली. कामावरून आलेला धुळीचा हात रोज दारालाच लागायचा ना! सोनं कुणाला मिळालं, कुणाला नाही. थंडी मात्र सगळ्यांना सारखी मिळाली. एकेक घर डोंगर उतरून गेलं.

आज शेवटचा ट्रक उभा आहे. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलंय, "काकांना खाली न्या. या छातीने इथला हिवाळा निघायचा नाही."

मालकीणबाईंनी गाठोडी ट्रकात चढवली. धनी अंगणात आपल्याच दाराची राख धूत बसला होता.

"अहो, चला ना. ड्रायव्हर ओरडतोय."

"एवढी राख होऊ दे."

"दार खाल्लंत, आता चौकट चघळणार का?"

"तू गप बस गं जरा..." पुढचे शब्द खोकल्यात गेले. त्याच्याबरोबर माझ्यातलं पाणी हिंदकळलं.

तळाशी काही राहू नये, म्हणून मी जिवाच्या आकांताने विनवत होते. पण माझी घडणच अशी, की जड ते माझ्याकडून सुटत नाही. राख वाहून गेली आणि तळाशी एक पिवळा कण उरला. मोहरीच्या निम्म्यानेसुद्धा नसेल.

"बघ! बघितलंस?" धन्याचे डोळे चमकले. "अजून आहे! आणि चौकट म्हणालीस ते बरं आठवलं. सगळ्यांच्या चौकटी तशाच आहेत की! तू हो पुढे. मी येतो मागून."

"इथून मागून कोण आलंय हो आजवर?"

तो नखाने कण टिपू लागला. मालकीणबाई ट्रककडे गेल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्यांनी गाठोडं सोडलं आणि हातोडी आणि एक जाड खिळा घेऊन परत आल्या. धन्याने मला झटकन छातीशी आवळलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी तुम्हाला विनवायचं असतं, की आम्हाला जपा. मला जपू नका. मी धड आहे तोवर हा माणूस इथून हलणार नाही.

याच्या छातीतली घरघर माझ्या पत्र्याला लागते आहे. ट्रक सुरू झाला आहे.

बाई, घाबरू नका. बोटं सोडवा त्याची, आणि ठोका.