फ्लोटवर सोडलेली बकेट

मित्रांनो, गडबला हायवेलगतच्या गॅरेजमागे एक बुटका पिवळा लोडर उभा आहे, तो मी. आता माझ्या सीटवर मांजर व्यालं आहे. पण एके काळी पेणपासून रोह्यापर्यंत कितीतरी अंगणं आणि रस्ते मी सपाट केले.

मला दोन हात आणि पुढे एक रुंद बकेट आहे. हात वर उचलता येतात, खाली दाबता येतात, आणि नुसते मोकळेही सोडता येतात. ड्रायव्हरच्या हाताशी असलेला दांडा पुढे शेवटच्या खाचेत ढकलला, की बकेट स्वतःच्या वजनाने जमिनीवर टेकते आणि चढउतार असेल तशी सरकत जाते. याला ड्रायव्हर लोक ‘फ्लोट’ म्हणतात.

पेणला एका नवख्या ड्रायव्हरने माझे हात उंच असतानाच दांडा त्या खाचेत टाकला. हात धाडकन खाली आले. मालू नावाची मजूर बाई जरा बाजूला होती म्हणून वाचली. तिच्या पाटीचा चुरा झाला. पुढे गडबचा मोरू माझा ड्रायव्हर झाला. तो आधी बकेट जमिनीला टेकवायचा, मगच फ्लोट लावायचा.

एका श्रावणात निडी गावापलीकडच्या कातकरी वाडीत नदीचं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर रस्त्यावरचा गाळ काढायला मोरू मला तिथे घेऊन गेला. त्याच सकाळी वाडीतली ठमीआजी विधवा झाली होती. तिचा नवरा आजारीच होता. त्याला पुरायचं होतं. पण पुरण्याची जागा गुडघाभर गाळाखाली गेली होती. कुणाला कुठे ठेवलंय, ते सांगणारे जमिनीतून जेमतेम वर आलेले दगड दिसत नव्हते.

आजीचा मुलगा काळू मोरूला म्हणाला, "खणायचं कुठं, दादा? दुसऱ्या कुणावर फावडं पडंल."

मोरूने बकेट जमिनीपासून जरा वर धरून वरचा गाळ उचलला. खाली चार बोटं थर राहिला तेव्हा बकेटची धार दगडाला लागली. आवाज ऐकून आजी उभी राहिली. मोरूने मला तिथेच थांबवलं.

त्याने दांडा पुढे ढकलला, पण तो शेवटच्या खाचेपर्यंत जाईना. म्हणजे हात सुटण्याऐवजी मी जमीन दाबतच होतो. माझी पुढची चाकं उचलली जात होती.

"जरा थांबा," मोरू म्हणाला. "असा चालवला तर दगड उपटून काढंल ह्यो."

त्याने मला मोकळ्या जागी नेलं, बकेट टेकवली, इंजिन बंद केलं. दांड्याच्या बुडाचं रबर फाटलं होतं आणि आत चिखल घट्ट बसला होता. महिनोन्महिने तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मोरूने तारेने चिखल कोरला, डिझेलच्या फडक्याने पुसला, तेल सोडलं. वाडीतली माणसं मयताजवळ उन्हात बसून होती. शेवटी दांडा खाचेत टक्कन बसला. मोरूने मला तिथेच थोडं मागे नेऊन पाहिलं. या वेळी चाकं उचलली गेली नाहीत.

मग पुरण्याच्या जागेवर परत येऊन मागे मागे सरत मी गाळ ओढत गेलो. बकेट दगडावर अलगद चढायची आणि पलीकडे उतरायची. एकेक दगड उघडा होत गेला. एकही हलला नाही.

"येवढं जड यंत्र, हलकं कसं झालं रं?" आजीने विचारलं.

"हलकं नाय झालं, आजी. मी दाबायचं सोडलं."

एका लहान दगडाशी आजी बसली. पदराने तो पुसला. तिथे तिची मुलगी पारी पुरलेली होती. आजीने बाजूच्या जमिनीवर हात ठेवला.

"हितं खणा," ती काळूला म्हणाली. "पोरीच्या शेजारी."

मित्रांनो, मोठेपणी माझ्यासारखं यंत्र तुमच्या हाती आलं, तर दांड्याच्या बुडाशी साचलेला चिखल रोज काढा. त्या दिवशी मोरूने तो काढेपर्यंत एक मयत उन्हात थांबलं होतं.