तोंड आलंय

वहिनींना त्या वर्गात बसायचंच नव्हतं. औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षं काढल्यावर पुन्हा बाकावर बसून कुणाकडून तरी शिकायचं, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. पण नियम बदलला होता. फार्मासिस्टचा परवाना पुढे चालू ठेवायचा तर दोन दिवसांचा उजळणी वर्ग करायचा, प्रत्येक सत्राला सही करायची आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता परीक्षा द्यायची. त्यांच्या परवान्याची मुदत महिनाअखेरीला संपत होती आणि त्याआधीचा हा शेवटचाच वर्ग होता.

दुकान त्यांनी नणंदेवर सोपवलं होतं. नणंदही फार्मासिस्ट, दोघी मिळूनच दुकान चालवायच्या. तिची ‘वहिनी’ ही हाक ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणायला लागली होती. पण नणंदेचे गुडघे गेले होते. दिवसभर एकटीने उभं राहणं तिला झेपत नव्हतं. वहिनींचा परवाना थांबला असता तर दुकान अर्धा दिवस बंदच ठेवावं लागलं असतं.

पहिला दिवस त्यांनी जांभया देत काढला. शिकवणारी डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. जे आपण रोज हाताळतो तेच ही पडद्यावर दाखवतेय, असं त्यांना वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, जेवणानंतरच्या सत्रात त्या मागच्या रांगेत जाऊन बसल्या. दुपारच्या उकाड्यात निम्मा वर्ग पेंगत होता.

विषय होता, एकमेकांशी न पटणाऱ्या औषधांचा. डॉक्टरने सांधेदुखीवरच्या मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घेतलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिच्या जोडीला लघवीच्या जंतुसंसर्गावरची सल्फाची गोळी सुरू झाली तर रक्तातल्या पेशी झपाट्याने खाली येऊ शकतात आणि वेळीच लक्षात आलं नाही तर माणूस हातचा जातो.

“आणि पेशंट आपल्याकडे रक्ताची तक्रार घेऊन येत नाही,” ती म्हणाली. “तो येऊन सांगतो, तोंड आलंय. आपण त्याला तोंडात लावायचं जेल देतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो.”

वहिनींना गुरुवारची संध्याकाळ आठवली.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे शिंपी राहायचे. सगळे त्यांना शिंपीकाका म्हणायचे. बोटं वाकडी झाल्यापासून शिवणकाम सुटलं होतं. सांध्यांची गोळी ते दर रविवारी घ्यायचे आणि ती वहिनींकडूनच न्यायचे. नऊ दिवसांपूर्वी ते दुसऱ्या एका डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आले होते. लघवीला जळजळ होत होती. वहिनींनी सल्फाच्या गोळ्या काढून दिल्या. कॉम्प्युटरने इशाऱ्याची लाल चौकट दाखवली होती, हेही त्यांना आठवलं. अशा चौकटी दिवसाला तीसचाळीस यायच्या आणि त्या न वाचताच बंद करायची हाताला सवय लागली होती. परवा, गुरुवारी संध्याकाळी शिंपीकाका पुन्हा आले होते. तोंड आलंय म्हणाले. तिखट कमी खा, असा चेष्टेत सल्ला देऊन वहिनींनी त्यांना जेल दिलं होतं.

त्या उठल्या. दारातल्या टेबलाशी गेल्या. परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून सगळ्यांचे मोबाइल तिथे एका खोक्यात जमा केलेले होते. टेबलावरच्या कारकुनाने मोबाइल द्यायला नकार दिला नाही, पण नियम सांगितला. आता मोबाइल घेऊन बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही, दोन्ही दिवस फुकट जातील. बाथरूमला जायचं असेल तर मोबाइल इथेच ठेवून जा, असंही त्याने सुचवलं. घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती. क्षणभर त्यांनी हिशेब केला. परीक्षा एक तासाची. पाचपर्यंत निघता येईल. परवापासून धरलेलं दुखणं आणखी दोन तास...

“मोबाइल द्या,” त्या म्हणाल्या.

शिंपीकाकांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही तेच. तेवढ्यात वहिनींची घाई बघून शिकवणारी डॉक्टर वर्ग सोडून दारापर्यंत आली होती. वहिनींनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. पहिल्यांदा रक्त तपासायला लावा आणि उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडचं इंजेक्शन मिळतंय का बघा, एवढंच एका चिठोऱ्यावर लिहून तिने त्यांच्या हातात दिलं. “परीक्षेचं माझ्या हातात नाही, मॅडम,” असंही ती म्हणाली. वहिनी तोवर पायऱ्या उतरायला लागल्या होत्या.

टॅक्सीतून त्यांनी नणंदेला फोन केला. तिने दोन्ही चिठ्ठ्यांच्या नोंदी शोधल्या, तारखा वाचून दाखवल्या आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला.

“वहिनी, औषधं डॉक्टरांनी लिहिलीत. तू फक्त काढून दिलीस. त्यांना घेऊन जा दवाखान्यात, पण तू काय दिलंस ते आपण होऊन सांगत बसू नकोस. अळीमिळी गुपचिळी.”

वहिनींनी फोन ठेवला. नणंदेचं म्हणणं चूक होतं असंही त्यांना छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

शिंपीकाका तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. मुलगी दुसऱ्या गावी असायची. वहिनींनी दार वाजवलं, हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आतून काहीतरी सरपटल्यासारखा आवाज आला आणि कडी निघाली. ते भिंतीला धरून उभे होते. ओठांवर रक्ताची खपली होती, अंग तव्यासारखं तापलं होतं. शर्टाच्या बाहीखाली, कोपरापासून मनगटापर्यंत बारीक जांभळे ठिपके दिसत होते.

“जेल लावतोय बरं का,” ते कसेबसे म्हणाले. “पण पाणीसुद्धा गिळवत नाही.”

वहिनींनी त्यांची औषधांची पिशवी उचलली आणि खालच्या टॅक्सीवाल्याला वर बोलावून घेतलं. दोघांनी धरून त्यांना उतरवलं.

मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात गर्दी होती. तिथल्या डॉक्टरने ताप बघितला, सध्या साथ चालू आहे म्हणाला आणि सलाईन लावायला सांगून पुढच्या खाटेकडे वळला. वहिनी त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या.

“रक्त तपासा. आत्ता. पेशी खाली गेल्या असतील.”

तुम्ही यांच्या कोण, असं त्याने जरा तुसडेपणानेच विचारलं. नणंदेचे शब्द कानात होते.

“यांची औषधवाली,” त्या म्हणाल्या. “हे मेथोट्रेक्सेट घेतात. त्यावर मी नऊ दिवसांपूर्वी सल्फा दिलं. दोन्ही माझ्याच दुकानातून गेलंय.”

त्यांनी पिशवी खाटेवर रिकामी केली. डॉक्टरने पाकिटं हातात घेऊन पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. रिपोर्ट यायला पाऊण तास लागला. पेशी इतक्या खाली होत्या की त्याने रिपोर्ट वाचून वरिष्ठांना फोन लावला. फोलिनिक ॲसिडची दवाखान्यात एकच कुपी होती. ती लगेच दिली. बाकीच्यासाठी वहिनींनी आयुष्यभराच्या ओळखी पणाला लावल्या. तीन घाऊक व्यापाऱ्यांना फोन केले. तिसऱ्याकडे मिळालं.

परीक्षा केव्हाच संपली होती.

शिंपीकाकांची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. वडील वेगळ्या खोलीत होते, आत जायला बंदी होती. ती काचेतून बघत होती. वहिनी तिच्याजवळ गेल्या आणि काय घडलं ते त्यांनी सांगितलं. लाल चौकट आणि जेलही गाळलं नाही.



“तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

वहिनी तिथल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होत्या. मुलीने त्यांना जा म्हटलं नाही आणि बसाही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी पेशी थोड्या वर आल्या. सोळाव्या दिवशी शिंपीकाका घरी गेले आणि मुलगी त्यांच्याजवळच राहिली. महिनाअखेरीला वहिनींचा परवाना थांबला. पुढचा वर्ग अडीच महिन्यांनी होता. तोवर दुकान दुपारी दोनला बंद व्हायचं. नणंद गुडघ्यांना पट्टे बांधून उभी राहायची आणि पहिले काही दिवस वहिनींशी कामापुरतंच बोलायची. पुढच्या वर्गात वहिनी पहिल्या बाकावर बसल्या, वही भरली आणि पास झाल्या.

शिंपीकाकांची औषधं मुलीने दुसऱ्या दुकानातून सुरू केली होती. वहिनींना त्यात चूक काही वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

परवाना परत मिळाल्याला महिना झाला असेल. एका सकाळी दुकानातला फोन वाजला. पलीकडे ती मुलगी होती. नमस्कार नाही, चौकशी नाही.

“बाबांना डॉक्टरांनी रक्तदाबाची नवीन गोळी लिहून दिलीये,” ती म्हणाली. “आणलीये, पण अजून घेतलेली नाही. नाव वाचून दाखवते.”

वहिनींनी एकेक अक्षर लिहून घेतलं. घरातली बाकीची पाकिटंही वाचून दाखवायला सांगितली. दहा मिनिटांनी फोन करते म्हणाल्या. काउंटरवर तिघं ताटकळत होते. त्यांना थांबायला सांगून त्यांनी एकेक औषध ताडून पाहिलं आणि मग फोन लावला. चालेल म्हणाल्या.

“बरं,” म्हणून मुलीने फोन ठेवला.

तेव्हापासून घरात कुठलीही नवीन गोळी आली की ती फोन करते. औषध मात्र अजूनही दुसऱ्याच दुकानातून आणते.