दगडावरच्या रेघा

जानरावांनी पिशवीतून आपले दोन रंधे काढून गोपालच्या काउंटरवर ठेवले. मागोमाग फडक्यात गुंडाळलेला धार लावायचा दगड निघाला.

"रंधे तुये," ते म्हणाले. "दगडाचं या पोरीले इचार. तिचाच हट्ट हाय."

पोरगी म्हणजे महामाया. चार वर्षांपासून बापाबरोबर दारं-खिडक्या करणारी, आणि हट्टाच्या बाबतीत बापावरच गेलेली.

मागच्या महिन्यात अमडापुरात उकंडरावांच्या नव्या घराचं दार बसलं नाही. वरच्या अंगाला बोट जाईल एवढी फट राहिली. उकंडराव एक शब्द बोलले नाहीत, वर चहा पाजला, आणि तेच जानरावांना लागलं. हा धंदा काही त्यांना बापाकडून मिळाला नव्हता. तरुणपणी मलकापुरात एका मिस्त्रीची बोलणी खाऊन त्यांनी तो मिळवला होता. "माहा हात गेला," असं त्यांनी घरी जाहीर केलं आणि चिखलीला गोपालच्या हार्डवेअरच्या दुकानात रंधे विकायचं ठरवून टाकलं. महामायाने पाय रोवले. हात नाही, दगड गेलाय. घासून घासून मधे खोलगट झालाय, मग पात्याला धार सरळ लागणार कशी? आधी तो सपाट करू, मग विका खुशाल.

गोपालने खोकं उघडलं. आत तळहाताएवढी पोलादी पाटी होती, एका अंगाने खरबरीत.

"ताईनं सांगतली तीच मागवली. वरतून हिऱ्याची भुकटी बसवेल हाय. कसाबी दगड असो, सपाट करते."

"हिऱ्याची?" जानरावांनी पाटी हातात घेतली. "बाप्पा! इच्या मायले नाकात साधा खडा नाई घेतला म्या, अन् दगडाले हिरा?"

"आईले सांगू नका म्हंजे झालं," महामाया म्हणाली.

गोपाल हसला. "इथंच घासून पाहा, मिस्त्री. पानी देतो. पन पाटी वल्ली झाली का वापस घेनार नाई."

"आधी पेन्सिलीच्या रेघा मारा, बाबा. मधातल्या पुसल्या का समजायचं, सपाट झाला."

"मले शिकवून राह्यली का वं?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मधलं बोट दगडाच्या कडेला टेकवलं आणि हात मागे ओढला. मग दुसरी रेघ, तिसरी. बोट कडेवरून सरकत होतं आणि रेघ अगदी सरळ उमटत होती. महामाया त्या हाताकडे पाहत राहिली. म्हणे हात गेला!

"आजकालच्या पेन्सिली लय फिक्या," जानराव कुरकुरले. "उठतच नाईत. चांगली दे बे एखांदी."

गोपालने नवी कोरी पेन्सिल दिली. त्यांनी तिने रेघा पुन्हा गिरवल्या. "हेबी तशीच," म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवर, उन्हात, दगड घासायला बसले.

करड्या पाण्याचे ओघळ पायरीवरून वाहू लागले. समोरून एक जीप धूळ उडवत गेली. बऱ्याच वेळाने ते थांबले, दगडावर पाणी ओतलं, तो डोळ्यांजवळ नेला.

"झालं. पुसल्या सगळ्या."

महामायाने वाकून पाहिलं. कडेच्या पुसल्या होत्या. मधल्या जशाच्या तशा होत्या, काळ्याकुट्ट.

गोपाल काही बोलणार, तेवढ्यात तिने त्याला नजरेनेच थांबवलं. फिक्या पेन्सिली. उजेड कमी म्हणून घरातला दोनदा बदललेला बल्ब. उकंडरावांच्या दारावरची खूण, जी बापाने स्वतः मारली आणि कापताना स्वतःच चुकवली. सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसलं नव्हतं.

तिने बापाचा अंगठा धरला आणि दगडाच्या मध्यावर ठेवला.

अंगठा सरकला, थांबला, पुन्हा मागे आला.

"खळगा हाय अजून," जानराव म्हणाले.

"हाव."

"मंग रेघाबी असतीन."

"हायेत, बाबा."

"चांगल्या दिसतेत?"

"दुरून दिसतेत."

त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून बोटं हलवून पाहिली, एकेक करून.

"म्हंजे हात नाई गेला."

"नाई गेला," महामाया म्हणाली. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

"मिस्त्री," गोपालने आतून हळूच विचारलं, "रंध्यायचं मंग कसं करता?"

"पिशवीत टाक." जानरावांनी पाटी पुन्हा पाण्यात बुडवली. "अन् डोयाचा डाक्टर कुठीसा बसते, ते इले नीट सांगून ठेव. हे झालं का जातो तिकडंच."

त्यांनी दगड पुढे ओढला आणि थोडं सरकून लेकीला जागा करून दिली.

"बस इथं. मी घासतो. तू सांग, कुठी कुठी राह्यल्या."