पल्लवी अजून पहिलीतच

"हाका मारून घसो सुकलो माझो, पण चेडू वळून बघीत तर शपथ. जसा काय मीच हेंच्या घरात भाड्यान रवतय."

घरमालकीण देवकीबाई स्वतःशीच पुटपुटल्या, पण बेताने, जानकीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. जानकीने कळशी घासायची थांबवली. तिची आठ वर्षांची पल्लवी अंगणात पाठमोरी बसून काजूबिया ओळीने मांडत होती. जानकीने जाऊन तिच्या खांद्याला हात लावला, बोटांनी घराकडे खूण केली. पोर उठून पळाली.

"समजता मगे सगळा," देवकीबाई म्हणाल्या. "सोंगाडी नुसती."

हातांनी बोलणं ही त्या घराची रीतच होती. जानकी आणि तिचा नवरा अनंत सावंतवाडीकडून गोव्यातल्या कारापुरात आले ते खाणीच्या कामाला. अनंत खनिजाच्या ट्रकवर, जानकी चाळणीच्या यंत्रापाशी धोंडे निवडायला. त्या धडधडाटात गळ्याचा काही उपयोग नसतो. पाणी हवं तर अंगठा ओठाला, मुकादम आला तर कपाळाला हात. मुकादमाच्या पोटासाठीही एक खूण होती, ती इथे सांगण्यासारखी नाही. बायका ही बोली घरी घेऊन यायच्या, पोरांशीही तशाच बोलायच्या. पल्लवीने तर सगळ्या खुणा इतक्या भरभर उचलल्या की जानकीला तिच्या हुशारीचा अभिमान वाटायचा. त्या अभिमानात काही वर्षं छान गेली.

पोर लहान असताना तापली होती आणि तिचे कान वाहू लागले होते. त्याच थंडीत देवकीबाईंच्या गौरेशचेही वाहिले. त्याला बापाने गाडीत घालून म्हापशाच्या डॉक्टरकडे नेलं, पुन्हा पुन्हा नेलं. गाडीत जागा होती. पल्लवीला पण घेऊन चल, असं देवकीबाई म्हणाल्याही होत्या, खोटं कशाला बोला. पण खाणीचा ऐन हंगाम, एक दिवस चुकला की आपल्या जागी दुसरी बाई उभी. मग देवकीबाईंनी लसूण घालून खोबरेल कढवून दिलं, अगदी मायेने. जानकीने ते पोरीच्या कानांत सोडलं, तितक्याच मायेने. गौरेश आता रस्त्यावर ऐकू जाईल असे पाढे म्हणायचा.

पल्लवी मात्र अजून पहिलीतच होती. गोव्याचं राज्य नुकतंच झालेलं. देवळात, दुकानात, बसमध्ये एकच वाद, मराठी की कोकणी. त्या वादातून पल्लवीच्या मागे पडण्याला एक कारण आयतं मिळालं. घरात मालवणी, शेजारी कोकणी, पुस्तकात मराठी, मग पोर गोंधळणार नाही तर काय? अनंतला हे कारण फार पटलं. जो तो हेच सांगू लागला. यात कुणाचा दोष नव्हता, कुणाचं तेल नव्हतं, कुणाची चुकलेली फेरी नव्हती. जानकीही मान हलवायची. बहिऱ्या मुलीला उद्या कोण घरात घेणार, हा विचार आला की ती पोरीची वेणी घालायला बसायची.

एप्रिलमध्ये शालिनी बाईंनी जानकीला शाळेत बोलावलं. पल्लवीला घेऊन ती गेली, देवकीबाईही सोबत आल्या. बाई चांगल्या होत्या, म्हणून त्यांना सांगणं जड जात होतं. पल्लवी वर्गात नुसती हसून बघत बसते, म्हणाल्या. तिला तुमच्या गावी आजीकडे ठेवा, घरकाम तरी शिकेल. यंदा नाव कमी केलेलं बरं.

"भाषेचो घोळ," देवकीबाई घाईने म्हणाल्या.

"तिला येतं सगळं," जानकी म्हणाली. "विचारून बघा."

शालिनी बाई फळ्याकडे वळल्या आणि पुसता पुसता म्हणाल्या, "पल्लवी, खिडकीतली पाण्याची बाटली आण बघू."

पल्लवीने बाईंकडे नाही, आईकडे पाहिलं. जानकीचा हात पदराखाली उचलला गेला. एक बोट खिडकीकडे, एक अंगठा ओठाला, एवढंच करायचं होतं. पोर धावत बाटली आणणार, बाई चकित होणार, नाव राहणार. आणि पुढच्या वर्षी पोर पुन्हा त्याच बाकावर, त्याच हसऱ्या तोंडाने, आई नसताना.

जानकीने उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला.

बाईंनी परत सांगितलं, जरा मोठ्याने. पल्लवी आईच्या पदराकडे बघत राहिली. हात का येत नाही ते तिला कळेना. तिचा चेहरा हळूहळू उतरला. देवकीबाईंनी मान खाली घातली होती.

बाई वळल्या. "बघितलंत? मराठी कळतच नाही तिला."

"बाई," जानकी म्हणाली, "माज्या चेडवाक ऐकाक येणा नाय."