कोटांसमोरची मैफल

आईने घरात सॅक्सोफोन वाजवायला मला एकच जागा दिली, तिचं कपड्यांचं कपाट. दार लावून घ्यायचं, वाद्याचं तोंड लोकरी कोटांत खुपसायचं आणि फुंकायचं. कोट मेले सगळा आवाज गिळायचे, म्हणून मी जीव खाऊन फुंकायला शिकले. फुप्फुसं लोहाराच्या भात्यासारखी झाली.

पहिली नोकरी लागली ती हॉटेलात, जेवणाऱ्यांसमोर जॅझ वाजवायची. पहिल्याच सुराला एका आजोबांनी दचकून सूप अंगावर सांडलं. मॅनेजर धावत आला.

"बाई, जरा हळू वाजवा."

हळू वाजवायला मला शिकवलं होतं कुणी? तेवढ्यात दाराशी पाहुण्यांचे कोट टांगलेले दिसले. मी मुकाट्याने लोकांकडे पाठ केली, सॅक्सोफोन त्या कोटांत खुपसला आणि नेहमीसारखी फुंकत सुटले. सूर कसे लोण्यासारखे मऊ निघाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात एका समीक्षकाने लिहिलं, "श्रोत्यांकडे ढुंकूनही न पाहणारी बंडखोर कलावंत."

मी तोऱ्यात पेपर आईपुढे धरला. तिने तो दोनदा वाचला.

"बंडखोर बाई," ती म्हणाली, "माझ्या कोटांना थुंकी लागते, तेवढं बघा."