तिसरी ओळ

पक्ष: नोएडाचा नवा सेक्टर, १९९६. शैलजा बापट घरीच गणित शिकवतात. समोर दहावीतली सिमरन. मागे तिची आई, मुलीला उद्यापासून मोठ्या कोचिंगला घालायचं ठरवून आलेली.

साध्य: सिमरन इथेच राहावी. ती गेली, तर तिच्यामागे सोसायटीतली बाकीची चारही मुलं जातील.

सिद्धता: शैलजाताईंनी फळ्यावर गणित सोडवून दाखवलं.

"मॅम, तीसरी लाइन गलत है," सिमरन म्हणाली. "माइनस खा गईं आप!"

आई दचकली. ताईंनी पाहिलं, तर खरंच चुकलं होतं. त्यांनी हसून खडू पुढे केला.

"आ जा, तू कर."

सिमरनने कुणाच्याही तोंडाकडे न बघता ते शेवटपर्यंत सोडवलं.

"घर पे तो मुँह नहीं खोलती ये," आई म्हणाली. "कल भी पाँच बजे ना, मॅडम?"